विलोची साल घरी काढून, वाळवून साठवायची आहे, जाणकारांनी प्लीज सांगा

मुक्ता_आउग्सबुर्ग

नमस्कार मंडळी, आम्ही बव्हेरियात आउग्सबुर्गच्या जवळ एका खेड्यात राहतो, मागच्या वर्षी जुनं घर घेतलं आणि परसाच्या टोकाला ओढा आहे तिथे दोन विलो आहेत. एक चांगलंच थोराड झाड, बुंधा माणसाच्या उंचीला छाटत आलेले असावेत कारण वरती गाठाळ डोकं झालंय आणि त्यातून सगळ्या फांद्या सरळ वर गेल्यात. दुसरं झुडूप आहे, कोवळ्या काड्या तांबूस-जांभळट, बोटाएवढ्या. शेजारच्या आजी म्हणतात की त्यांच्या लहानपणी घरात याच्या सालीचा काढा असायचाच, डोकं दुखलं, कंबर धरली की तोच. आपोटेकेमध्ये म्हणजे इथल्या औषधांच्या दुकानात वाइडेनरिंडे (विलोची साल) नावाने पाकीट मिळतं ते मी आणून पाहिलं, कडू आहे पण मला चाललं.

तर आता घरचीच साल करावी असं डोक्यात आहे. प्रश्न बरेच आहेत. कधी कापायची, खोडाची घ्यायची की फांद्यांची, नुसती वरची काळपट साल काढून आतली घ्यायची की सगळी? ओव्हनमध्ये वाळवली तर चालेल का कारण इथे फेब्रुवारीत ऊन म्हणजे नावालाच. मिक्सरला लावून पावडर करून ठेवावी की तुकडे? आणि किती दिवस टिकते?

दुसरं म्हणजे मे महिन्यात सासूबाई नागपूरहून येतायत तीन महिन्यांसाठी, त्यांचे गुडघे फार दुखतात, जिना उतरताना तर डोळ्यात पाणी येतं त्यांच्या. त्यांना इथे असताना रोज द्यावी आणि जाताना सोबत एक बरणी भरून द्यावी, घरात ताप-डोकेदुखीला सगळ्यांनाच उपयोगी पडेल, असा विचार आहे. कोणी केलंय का हे? सविस्तर सांगितलंत तर बरं होईल.

रानवाटा_फ्रायबुर्ग

मुक्ताताई, मी इकडे बरीच वर्षं आहे आणि टोपल्या विणणाऱ्या लोकांबरोबर काम करतो त्यामुळे विलो दर हिवाळ्यात हातात असते, साल पण काढतो. जमेल तेवढं सांगतो, सासूबाईंच्या औषधाचं मात्र दुसऱ्या कोणीतरी जाणकाराने सांगावं, ते माझं क्षेत्र नाही.

तुमचं थोराड झाड म्हणजे इथे ज्याला कोपफवाइडे (डोकं छाटलेली विलो) म्हणतात ते, बहुतेक सॅलिक्स आल्बा नाहीतर सॅलिक्स फ्रॅजिलिस. तांबूस काड्यांचं झुडूप सॅलिक्स पर्प्युरिया असण्याची शक्यता आहे, तसं असेल तर नशीबवान आहात कारण औषधाच्या दृष्टीने तीच चांगली. सगळ्यांना वाटतं पांढरी विलो म्हणजे आल्बा हीच औषधी, पुस्तकांत पण तिचंच चित्र असतं, पण तिच्यात सॅलिसिन, म्हणजे सालीतलं दुखणं कमी करणारं कडू द्रव्य, कमी, बऱ्याचदा एक टक्क्याच्या आतच. पर्प्युरिया आणि डॅफ्नॉइडिस यांच्यात कितीतरी जास्त. जात नक्की करायला एप्रिल-मे मध्ये पानं आली की फोटो काढून ठेवा आणि साल जात ओळखल्याशिवाय वापरू नका, वाळवून ठेवायला हरकत नाही पण प्रत्येक झाडाची वेगळी ठेवा, एकत्र करू नका.

खोडाला अजिबात हात लावायचा नाही. खोडाभोवती गोल साल काढली की झाड वरून वाळत जातं, कारण पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं ते याच सालीतून. घ्यायच्या त्या दोन-तीन वर्षांच्या फांद्या, साधारण अंगठ्याएवढ्या जाड. त्यांची साल पातळ, हिरवट, गुळगुळीत असते, वरचा काळपट खरखरीत थर धरलेलाच नसतो त्यामुळे आतली-बाहेरची असा भेद करत बसायची गरज नाही, सगळीच घ्यायची. जुन्या जाड सालीत बाहेरचा भाग म्हणजे नुसतं बुचासारखं, त्यात काही नसतं. आणि एका वर्षाच्या बारीक काड्या असतील तर सोलायच्याही भानगडीत पडू नका, काडीसकट बारीक तुकडे करून वाळवायचे, युरोपच्या औषधकोशात पण तसं चालतं.

वेळ. फेब्रुवारीचा शेवट बेस्ट. कळ्या फुगायच्या बेतात असतात, रस वर चढायला लागलेला असतो. जर्मनीत 1 मार्च ते 30 सप्टेंबर झुडपं-कुंपणं जोरात छाटायला कायद्याने बंदी आहे, पक्ष्यांच्या घरट्यांसाठी, हलकी छाटणी तेवढी चालते, म्हणून मोठं काम असेल तर फेब्रुवारीतच उरका. बाहेर रानात कुठे कापायचं असेल तर राखीव क्षेत्रात नाहीच, आणि इतर ठिकाणी स्वतःपुरतं मूठभर, तेही जमीनमालकाला विचारून. तुमच्या गावात पालिकेची माणसं हिवाळ्यात कोपफवाइडे छाटतात, त्यांना गाठलंत तर फांद्यांचा ढीग फुकट मिळतो, मी तेच करतो. एक कळकळीची विनंती, मऊ चंदेरी बोंडं धरलेल्या फांद्या तोडू नका. मार्चच्या सुरुवातीला मधमाश्या बाहेर पडतात तेव्हा त्यांना दुसरं फारसं काही नसतं खायला, विलोचा पराग हे त्यांचं पहिल्या मोठ्या जेवणांपैकी एक.

आता सोलायचं कसं. फांदीला लांबीच्या दिशेने सुरीच्या टोकाने एक चीर द्यायची, लाकडाला लागेपर्यंत, मग समोरच्या बाजूने दुसरी चीर, आणि सुरीची बोथट बाजू किंवा अंगठ्याचं नख खाली घालून उचलायची. रस चढलेला असेल तर साल लांबच्या लांब पट्टीत सुटून येते, खाली लाकूड पांढरंशुभ्र, ओलं, निसरडं. थंडीत कापलीत तर साल चिकटून बसते आणि तुकडे तुकडे निघतात, चिडचिड होते. त्याला टोपलीवाल्यांचा उपाय असा की कापलेल्या काड्या बादलीत चार बोटं पाण्यात उभ्या करून ठेवायच्या, कळ्या फुटायला आल्या की साल आपोआप सुटते. सोललेली साल आतून आधी पांढरट दिसते आणि हळूहळू बदामी-तांबूस होते, घाबरू नका, ते हवेमुळे होतं.

सोलल्या सोलल्या कात्रीने बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. हे विसरलात तर वाळल्यावर कात्रीचं काही चालत नाही, लाकडासारखी कडक होते.

ओव्हन नको. ओव्हनचं सगळ्यात कमी तापमान पण जास्तच असतं, 40 अंशांच्या वर जायचं नाही. डिहायड्रेटर असेल तर 35-40 वर ठेवा. नाहीतर माळ्यावर, हीटर चालू असलेल्या खोलीत, हीटरच्या वर नव्हे तर शेजारी, जुन्या सुती ओढणीवर किंवा जाळीच्या चौकटीवर एकेरी थरात पसरा आणि रोज एकदा हात फिरवा. तळघरात तर मुळीच नको, इथली तळघरं दमट असतात आणि बुरशी दोन दिवसांत धरते. आठ-दहा दिवसांत होतं. वजन जवळजवळ अर्ध्यावर येतं. वाळली की नाही ते बघायला सगळ्यात जाड तुकडा घेऊन मोडा, कडकन आवाज होऊन तुटला तर झाली, वाकून मग तुटला किंवा आतून दोऱ्या लोंबल्या तर अजून ओल आहे.

साठवायची लगेच बरणीत नाही. आधी आठवडाभर कागदी पिशवीत, कारण बाहेरून वाळलेल्या तुकड्याच्या पोटातली ओल हळूहळू बाहेर येते. मग काचेची बरणी, घट्ट झाकण, अंधारं कपाट. पहिले चार-पाच दिवस रोज बरणीकडे बघा, काचेला आतून धुकं आलं तर सगळी परत बाहेर काढून पसरा. पावडर आत्ता करू नका, लागेल तेव्हा लागेल तेवढी कुटा, पावडरीचा दम लवकर जातो. बरणीवर झाड, जागा, महिना, वर्ष लिहायचं. एका वर्षात संपवा, फार तर दोन. पुढच्या फेब्रुवारीत झाड परत तयारच असतं, उगाच मोठा साठा कशाला.

फार्मसीवाली_पुणे

रानवाटा दादांनी फारच छान सांगितलंय, वाळवण्या-साठवण्यावर मला काही जोडायचं नाही. पण मुक्ता, तुझ्या पोस्टमधल्या शेवटच्या परिच्छेदाने मला थांबवलं. आधी मला हे सांग की सासूबाईंना कुठल्या गोळ्या चालू आहेत? बीपी, शुगर, हार्ट, रक्त पातळ करायची? पित्ताचा, अल्सरचा त्रास? दमा आहे का, कधी ऍस्पिरिन किंवा कॉम्बिफ्लाम घेऊन अंगावर गांध्या उठल्या होत्या का? किडनीचा रिपोर्ट?

उत्तर येईपर्यंत थोडं सांगून ठेवते, कारण ही साल म्हणजे नुसता कडू चहा नाही, औषध आहे. सॅलिसिन पोटात गेल्यावर आतड्यातले जिवाणू आणि नंतर लिव्हर मिळून त्याचं सॅलिसिलिक ऍसिड करतात, म्हणून परिणाम सावकाश येतो, गोळीसारखा अर्ध्या तासात नाही. 1828 मध्ये म्युनिकला बुखनरने सालीतून हा कडू पदार्थ वेगळा केला, 1838 मध्ये पिरियाने त्यापासून सॅलिसिलिक ऍसिड बनवलं आणि 1897 मध्ये बायरमध्ये हॉफमनने त्याला ऍसिटिल जोडलं ती ऍस्पिरिन. म्हणजे नातं सख्खं आहे. त्यामुळे ऍस्पिरिन ज्याला चालत नाही त्याला ही साल चालत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

युरोपियन औषध संस्थेच्या सूचनेप्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलांना नाही, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत नाही, पोटात अल्सर असेल, किडनी किंवा लिव्हर फार बिघडलेलं असेल, जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असेल तर नाही, ऍस्पिरिनमुळे दमा उसळणाऱ्यांना नाही. "घरात सगळ्यांनाच उपयोगी पडेल" असं तू लिहिलंयस, त्या सगळ्यांत लहान मुलं पण येतात ना, म्हणून बरणी सोबत द्यायची कल्पना मला मुळीच पटत नाहीये. मुलांना फ्लू किंवा कांजिण्यांच्या तापात ऍस्पिरिन दिली तर रे सिंड्रोम होऊ शकतो, मेंदू आणि लिव्हरवर येतं ते, म्हणून डॉक्टर मुलांच्या तापाला ती देतच नाहीत. साल त्याच घरातली.

आता डोसचं गणित बघ, हे कोणी सांगत नाही. अभ्यासांमध्ये जो डोस वापरतात तो दिवसाला 120 ते 240 मिलिग्रॅम सॅलिसिन. औषधकोशात सालीत कमीत कमी दीड टक्का सॅलिसिन हवं असं आहे. चहाला 1 ते 3 ग्रॅम साल, दिवसातून तीन-चार वेळा. म्हणजे दोन ग्रॅमच्या कपात दीड टक्क्याने 30 मिलिग्रॅम येतात, तीन कप घेतले तरी 90. आता तुझं थोराड झाड आल्बा निघालं आणि त्यात अर्धा टक्काच असेल तर कपात 10 मिलिग्रॅम, म्हणजे नुसतं कडू पाणी. आणि झुडूप पर्प्युरिया निघालं आणि त्यात 8 टक्के असेल तर त्याच दोन ग्रॅमच्या कपात 160. एकच चमचा, एकच रंग, एकच कडूपणा वाटेल पण सोळा पट फरक. आपोटेकेच्या पाकिटातली साल तपासलेली असते, घरची नाही. धडधाकट तरुण माणसाने कधीतरी कंबर दुखली म्हणून एक कप घेणं वेगळं आणि वयस्कर माणसाला तीन महिने रोज देणं वेगळं.

मुक्ता_आउग्सबुर्ग

बापरे, हे सगळं मला माहितीच नव्हतं, खूप आभार दोघांचे. आत्ताच फोन करून विचारलं. सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे, बीपीची पण एक गोळी आहे. दमा नाही. पित्त होतं म्हणून सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेतात. मग? अगदीच थोडी पण नको का? त्यांना गोळ्या वाढवायचा फार कंटाळा येतो म्हणून मी हे बघत होते, आणि इकोस्प्रिन जर ऍस्पिरिनच आहे तर तिच्याऐवजीच साल दिली तर असंही मनात आलं.

फार्मसीवाली_पुणे

नको. अगदी थोडी पण नको, आणि "ऐवजी" तर अजिबात नको, हे मी हात जोडून सांगते.

स्टेंट असलेल्या माणसात इकोस्प्रिन वेदनेसाठी नसते, प्लेटलेट एकमेकींना चिकटून स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून असते. ऍस्पिरिनमधला तो ऍसिटिलचा भाग प्लेटलेटला कायमचा बांधून ठेवतो, ती प्लेटलेट मरेपर्यंत. विलोच्या सालीत ऍसिटिल नाहीच, त्यामुळे ते काम ती करूच शकत नाही. रक्तातल्या सॅलिसिलेटच्या हिशोबाने 240 मिलिग्रॅम सॅलिसिन म्हणजे साधारण 87 मिलिग्रॅम ऍस्पिरिन, आकडा बघून वाटतं की अरे इकोस्प्रिन 75 एवढंच तर आहे, पण आकडा जुळला म्हणून काम जुळत नाही. ती गोळी बंद करून साल दिलीस तर स्टेंटला गुठळीपासून संरक्षणच राहणार नाही. आणि गोळ्या चालू ठेवून वरून साल दिलीस तर आधीच दोन औषधांनी रक्त पातळ आहे, पित्ताचा त्रास आहे, पोटातून रक्तस्राव व्हायची भीती. दोन्हीकडून वाईट.

शिवाय गुडघ्याला तिचा फायदा होतो का हेच धड सिद्ध नाही. कंबरदुखीवर 2000 साली हैफामध्ये 210 पेशंटवर झालेला अभ्यास चांगला आहे, 240 मिलिग्रॅमवाल्यांत 39 टक्के लोकांच्या वेदना गेल्या, नुसत्या खोट्या (औषध नसलेल्या) गोळीवर 6 टक्क्यांच्या. पण गुडघा-खुब्याच्या झिजेवर 2004 मध्ये जर्मनीत अभ्यास झाला त्यात सालीत आणि खोट्या गोळीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळीने मात्र फरक पडला. म्हणजे ज्या दुखण्यासाठी तू एवढी धडपड करतीयेस त्यावरच ती लंगडी आहे. त्यांना मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करून घेणारा फिजिओ तिथे गाठून दे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावून घे, गरम पाण्याची पिशवी, आणि दुखण्याच्या गोळीचं त्यांच्या कार्डिओलॉजिस्टला विचारूनच. गोळ्यांचा कंटाळा येतो ते मी रोज काउंटरवर ऐकते गं, खरंच येतो, पण यातल्या दोन गोळ्या कंटाळा करायच्या नाहीत.

तू स्वतः घे की. पोट चांगलं असेल, ऍलर्जी नसेल, दुसरं काही औषध चालू नसेल तर कंबरेला, डोकेदुखीला कधीमधी घ्यायला हरकत नाही. थंड पाण्यात साल घालून उकळी आणायची, मग दहा-पंधरा मिनिटं मंद, गाळून जेवणानंतर. चार आठवड्यांच्या वर सलग नको. डोकेदुखी त्याच दिवशी थांबली नाही तर काढा वाढवायचा नाही, डॉक्टर.

कृष्णाकाठचा_वाईकर

ताईंनी सांगितलं ते ऐका, मुक्ताबाई. मी वाई तालुक्यातला, शेती आहे नदीला लागून, आमच्याकडे पण विलोच आहे फक्त तिला वाळुंज म्हणतात, सॅलिक्स टेट्रास्पर्मा. नदी-ओढ्याच्या कडेला अगदी पाण्यात पाय सोडून उभी असते, लांबट निमुळती पानं, पान उलटं केलं की खालून पांढुरकं, बी उडतं ते कापसासारखं. आमच्या आजोबांच्या वेळी तापाला हिची साल उकळून देत, मी लहानपणी प्यालोय, तोंड दिवसभर कडू. दगडगोटे वाहून नेणाऱ्या पुरात पण काठ धरून ठेवते ही, म्हणून माझं पहिलं सांगणं हे की इकडे कोणी हा धागा वाचून कोयता घेऊन नदीवर जाऊ नका. आधीच काठ खरवडून झाडं कमी झालीत, आणि वाळुंजेत सॅलिसिन किती याचं माप तुमच्याकडे नाही, युरोपच्या औषधकोशात ज्या जाती नावानिशी दिल्यात त्यात ही नाही.

दुसरं सांगणं जास्त महत्त्वाचं. नागपूरला बरणी देणार म्हणालात, "ताप-डोकेदुखीला". जुलै ते नोव्हेंबर आपल्याकडे तापाला पहिला संशय डेंग्यूचा घ्यायचा. डेंग्यूत प्लेटलेट धडाधड उतरतात, म्हणून डॉक्टर पॅरासिटामॉल सोडून दुसरं काही देत नाहीत, ऍस्पिरिन, ब्रुफेन बंद. अशा वेळी घरात कोणीतरी प्रेमाने ही साल उकळून दिली तर? आमच्या वाडीत एकाला डेंग्यूत मेडिकलवरून अंगदुखीची गोळी आणून दिली होती घरच्यांनी, नाकातून रक्त थांबेना, साताऱ्याला हलवायला लागलं, वाचला बिचारा. त्यामुळे आपल्याकडे पावसाळ्यात तापाला विलो नाही म्हणजे नाही. आजोबांच्या काळी रक्त तपासायची सोय नव्हती, आता तालुक्याला होते, ताप आला की तपासून घ्या.

आता साठवणीचं, कारण तुमच्यासारखं कोणी भारतात इतर साली म्हणजे अर्जुन, बाभूळ वगैरे घरी ठेवत असेल तर उपयोगी पडेल. फ्रायबुर्गच्या भाऊंनी सांगितलेलं सगळं बरोबर, आपल्याकडे फक्त एक भर घाला. वाळवण मे मध्येच संपवायचं, मृग लागायच्या आत बरणी बंद. आपल्या उन्हाळ्यात सावलीत पत्र्याखाली तीन-चार दिवसांत साल कडक होते, थेट उन्हात टाकायची गरज नाही. एक मोठी बरणी न भरता लहान लहान चार भरा, कारण पावसात दर वेळी झाकण उघडलं की ओली हवा आत जाते आणि सगळी साल मऊ पडते. एक वापरायला, बाकीच्या सप्टेंबरपर्यंत उघडायच्याच नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर ठेवूच नका. किडे होतील अशी भीती असेल तर घट्ट बंद डब्यात चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून, मग डबा न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि नंतरच बरणीत भरा, नाहीतर थंड सालीवर दव धरतं. वास कुबट आला, पांढरी-हिरवी लव दिसली तर वरची काढून खालची ठेवू असं करू नका, सगळी खतात.

बर्फाळ_ऑक्सफर्ड

वाळवण्यावरून आठवलं म्हणून लिहितो, मी ऑक्सफर्डशायरमध्ये राहतो आणि चिपिंग नॉर्टन इथून जवळच आहे. तिथले पाद्री एडवर्ड स्टोन यांनी 1763 मध्ये रॉयल सोसायटीला पत्र लिहून विलोच्या सालीचा प्रयोग कळवला. हिवतापावरची सिंकोना साल पेरू देशातून यायची, फार महाग, आणि विलो चाखल्यावर तिचा कडूपणा त्यांना सिंकोनाची आठवण करून देणारा वाटला. त्यांनी उन्हाळ्यात जवळजवळ एक पौंड साल गोळा केली, पिशवीत भरून बेकरीच्या भट्टीच्या बाहेरच्या अंगाला तीन महिन्यांहून जास्त ठेवली, मग कुटून चाळली आणि हिवतापाच्या जवळपास पन्नास लोकांना दिली. भट्टीच्या आत नाही, बाहेर, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणजे मंद ऊब आणि कोरडेपणा, रानवाटा म्हणतायत तेच. पण हेही सांगायला हवं की ताप उतरला तरी मलेरियाचा जंतू सॅलिसिनने मरत नाही, सिंकोनातल्या क्विनीनने मरतो. वाईकर काकांचा मुद्दा इथेही लागू आहे, ताप उतरवणं म्हणजे आजार बरा करणं नव्हे.

मुक्ता_आउग्सबुर्ग

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं, सासूबाईंना काही देणार नाही आणि बरणी पण नाही, फिजिओची अपॉइंटमेंट आत्तापासूनच घेऊन ठेवते कारण इथे लवकर मिळत नाही. झुडपाची थोडी साल माझ्यापुरती काढणार आहे. रानवाटा दादा, एक शेवटचं, ओढ्याच्या काठी विलोच्या अगदी खेटून अजून एक झुडूप आहे, साल काळसर-करडी आणि त्यावर पांढरे ठिपके. त्याची पण तांबूसच दिसते कोवळी काडी. ती पण विलोच का? आत्ता पानं नाहीयेत.

रानवाटा_फ्रायबुर्ग

ताई, बरं झालं विचारलंत, त्याला हात लावू नका. वर्णनावरून ते फाउलबाउम असावं, फ्रँगुला आल्नस, ते पण ओलसर जागीच येतं आणि विलोच्या गर्दीत मिसळून जातं. त्याची साल जबरदस्त रेचक आहे, ताजी साल पोटात गेली तर उलट्या आणि पोटात कळा, औषधात वापरतात ती सुद्धा निदान एक वर्ष ठेवून किंवा तापवून मगच. नखाने वरची साल हलकेच खरवडून बघा, खाली लालसर रंग दिसला तर फाउलबाउम. विलोत खाली हिरवं निघतं. आणि हिवाळ्यात सगळ्यात सोपी खूण कळीची, विलोच्या कळीवर एकच खवला असतो, टोपी घातल्यासारखा पूर्ण कळी झाकणारा, काडीला चिकटून बसलेला. फाउलबाउमच्या कळीला खवलाच नसतो, उघडी, तपकिरी, लवदार. भिंग घेऊन बघा आणि कापायच्या आधी ज्या फांद्या विलोच्या नक्की आहेत त्यांना रंगीत दोरा बांधून ठेवा, म्हणजे हातात कोयता असताना विचार करायला नको.

साल काढून उरलेल्या पांढऱ्या काड्या टाकू नका, वाळवून घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून रोवा. न सोललेली काडी रोवलीत तर मात्र ती मुळं धरते आणि वेलाच्या जागी विलोच उभी राहते, म्हणून पूर्ण सोललेलीच घ्या. नवीन झाड हवंच असेल तर ओढ्याच्या काठी एक हातभर काडी दोन तृतीयांश जमिनीत खुपसा, कळ्यांची टोकं वरच्या दिशेला ठेवून, फेब्रुवारीतच. घराच्या पाइपलाइनपासून मात्र लांब लावा, मुळं पाण्याच्या शोधात पाइपात शिरतात.